बाबूसिंगच्या गाडीतला वास

बाबूसिंग राठोडाच्या हातात तुमचं मनगट एकदा सापडलं, की तुम्ही गाडीत बसलात म्हणून समजा. नाही म्हणायची सोय नाही. तो दार उघडणार, तुम्हाला आत घालणार, काचा वर करणार, बाहेर उभा राहून तुमच्या तोंडाकडं टक लावून बघणार आणि म्हणणार, "घ्या. आणि खरं सांगा."

घ्या म्हणजे चहा नाही. घ्या म्हणजे श्वास.

आमच्या वस्तीत असा माणूस नाही ज्याचं नाक त्या गाडीत जाऊन आलं नाही. म्हशीला सुई टोचायला आलेला जनावरांचा डॉक्टर बसून गेला. माझ्या पुतणीला बघायला आलेले वसमतचे पाहुणे बसून गेले, आधी पोराचा बाप, मग पोरगा. पोस्टमन बिचारा बारमाही सर्दीचा. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "राठोडसाहेब, मला तर काहीच येऊन न्हाई राहिलं." बाबूसिंगनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं काही त्यानं कुणाचं टपाल विहिरीत टाकलं. मग एकदम मऊ आवाजात म्हणाला, "सर्दी गेली की या." तो मऊ आवाज माझ्या ध्यानात राहिला. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

वास कशाचा, तर पेट्रोलचा. आणि गाडी कसली, ते आता सांगतो.

तांबडी, बुटकी, पोटावर सरकणाऱ्या घोरपडीसारखी. छत कापडाचं, टांग्यासारखं गुंडाळून मागं टाकायचं. दारं दोन, सीटा दोन, तिसऱ्याला जागा नाही. तिला स्पोर्ट कार म्हणतात, शर्यतीची गाडी. आमच्या रस्त्यावर शर्यत करायची तर ती खड्ड्यांशीच. मागं कंपनीचं नाव होतं, पण त्यातली निम्मी अक्षरं गळून पडली आहेत, म्हणून कंपनी कोणती ते मला विचारू नका.

बाबूसिंग सरकारी डायवर. उभी नोकरी साहेबांची जीप चालवण्यात गेली. ज्या साहेबाकडं शेवटची वर्षं काढली, त्यांच्या पोराची ही गाडी. पोरगं परदेशात गेलं आणि गाडी नांदेडला शेडात ताडपत्रीखाली कुजत पडली. साहेब म्हणाले, "बाबूसिंग, तुला चांगली जुनी जीप बघून देतो. ही कशाला? हिच्यात बियाण्याचं एक पोतं तरी मावेल का?" हा म्हणाला, "साहेब, द्यायची तर हीच द्या."

गाडी वस्तीवर आली तेव्हा आम्ही सगळे रस्त्यावर. मीच विचारलं, "काहून रे, डायवरसाहेब? दोनच सीटा? सोयरे आले तर कुठं बसवतो?"

"सोयऱ्याला एस्टी हाय."

"आणि आमी?"

"तुमाला पाय हायेत."

असा तोंडाळ माणूस. पण गाडीच्या बाबतीत सोवळा. नोकरी सुटली तरी नोकरीची शिस्त सुटली नाही. गाडी उभी करायची ती तोंड रस्त्याकडं करून. किल्ली दारामागच्या खिळ्याला. पायात कायम बूट. आणि गाडी घरी लावायच्या आधी टाकी गळ्यापर्यंत भरलेली पाहिजे. पंपावरच्या पोराचा पाइप टक करून बंद झाला तरी याचं समाधान नाही. हा गाडी मागून धरून हलवणार, "बुडबुडे निघू दे, अजून बसतं," म्हणणार, आणि पेट्रोल डोळ्याला दिसेपर्यंत ओतायला लावणार. मी म्हणायचो, "बाबूसिंग, आता कुठं जायचंय तुला?" त्याचं उत्तर ठरलेलं, "साहेब कवा हाक मारतील, नेम न्हाई."

आता माझ्याबद्दल दोन शब्द. माझं शिक्षण दुसरी. तिसरीच्या गुरुजींचं आणि माझं पटलं नाही, आणि मी माघार घेणारा माणूस नाही. पण माझं नाक पदवीधर आहे. उभा जन्म मी हळद शिजवली. आधी कढईत, आता पोरांनी आणलेल्या वाफेच्या कुकरात. लोक हळदीच्या गड्ड्यात काडी टोचून बघतात, शिजली का नाही. मी दहा पावलांवर उभा राहून सांगतो. जवळा बाजारच्या रस्त्याला माझा कुकर लागला की लोक आपली हळद घेऊन येतात ती या नाकावर. त्यामुळं बाबूसिंगच्या गाडीत वास आहे म्हटल्यावर पहिलं बोलावणं मलाच पाहिजे होतं. त्यानं आधी जनावरांच्या डॉक्टराला बसवलं, ते मी अजून विसरलो नाही.

वासाचं प्रकरण पहिल्याच दिवशी सुरू झालं. गाडी आणली, धुतली, हार घातला, आणि बाबूसिंगनं डावं दार उघडून धरलं. त्याची बायको धुरपताबाई नवं लुगडं नेसून बसली. दोघं शिरड शहापूरकडं निघाले. तिकडच्या तांड्यावर तिचं माहेर. तिचा म्हातारा भाऊ अजून आहे तिथं. पण वळणावरच्या पिंपळापर्यंत गेले असतील नसतील, गाडी परत. धुरपताबाई उतरली ती तोंडाला पदर लावून, आणि सरळ नहाणीकडं पळाली. बाहेर येऊन म्हणाली, "मला पेट्रोलच्या वासानं गरगरून राहिलं. वास गेला की बसते. तोवर माजं नाव घेऊ नका."

बाई बोलायला गोड, पण शब्दाची पक्की. त्या दिवसापासून बाबूसिंगला दुसरं काम उरलं नाही.

मी पहिल्यांदा गाडीत बसलो, घेतला, आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "वास पुढून येऊन राहिला. इंजिनाकडून." पुढचं झाकण उघडलं तर आत उंदरानं संसार मांडलेला. कुणाच्या तरी गंजीतला चांगला पांढरा कापूस आणून गादी केलेली. मी म्हणालो, "बघ! नाक हाय का काय हाय!" उंदीर हाकलला, गादी फेकली, सगळं पुसून काढलं. धुरपताबाईला बोलावलं. ती दारापाशी आली, वाकली, आणि तशीच मागं फिरली. "हाय," म्हणाली.

मी म्हणालो, "असला तरी पुढूनच हाय." बोललेला शब्द मी सोडत नसतो.

मग ज्याला जे सुचेल ते. कुणी म्हणालं लिंबू कापून ठेवा, ठेवलं. कुणी म्हणालं कापूर, तो ठेवला. पेट्रोलच्या गाडीत कापूर पेटवायचं सांगणारा शहाणाही भेटला, त्याला बाबूसिंगनं रस्त्यापर्यंत पोचवून दिलं. एका ट्रकवाल्यानं टाकीच्या सांध्याला अंगाचा साबण घासायला सांगितलं. तोही घासला. मग गाडीत पेट्रोल, लिंबू, कापूर आणि साबण असा सगळा मिळून वास यायला लागला. आत बसलं की वाटायचं, मयताच्या घरी पंप काढला आहे.

वसमतला मुनाफ मिस्त्री आहे, हाताला चांगला माणूस. बाबूसिंग गाडी त्याच्याकडं घेऊन गेला, बरोबर मी. मिस्त्रीनं सगळ्यात आधी टाकी रिकामी केली. पेट्रोल असताना खाली दिवा घेऊन शिरायचं नाही, हा त्याचा नियम. मग नळ्या बघितल्या, पंप बघितला, पुसून फुंकून सगळं बसवलं. तळाला थोडं पेट्रोल टाकून गाडी चालू करून दिली. "सूँघो चाचा. कुछ है?"

मी घेतला. वास नव्हता. खरंच नव्हता.

आम्ही राजासारखे निघालो. वाटेत पंपावर टाकी भरली, नेहमीसारखी हलवून. घरी आलो, गाडी तोंड रस्त्याकडं करून लावली, धुरपताबाईला हाक मारली. ती आली. वाकली. "हाय."

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मिस्त्री वैतागला. "चाचा, वास तुमच्या डोक्यात हाय. दिमाग का डॉक्टर देखो."  परत येताना बाबूसिंग मला म्हणाला, "सखारामभाऊ, वास हाय ना नक्की?" मी म्हणालो, "अरे, तुलाबी नाक हाय की." तर यानं गियर टाकायचं निमित्त काढलं.

धुरपताबाईची एक सवय सांगायची राहिली. तिचं चुलीपाशी काही शिजत असलं की ती ओरडून सांगायची. "आज मेथी टाकली वो, लसूण लावून! खमंग सुटलाय!" कधी, "भाकर जरा करपली हं!" कधी, "दुधाला धूर लागलाय, पिताना समजून प्या!" आमच्या घरापर्यंत आवाज. आमची मंडळी म्हणायची, "काय बाई तरी! मेथी केली तर काय गावात दवंडी पिटायची?" मीही हसायचो.

मग सुकटीचं झालं. जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून बाबूसिंगनं मला गाडीतून आणलं. माझ्या पिशवीत सुकट होती. पिशवी सीटखाली ठेवली, आणि उतरताना विसरलो. आमच्या मंडळींनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "सुकट कुठाय?" तेव्हा मला आठवण. भर उन्हात पळत गेलो. गाडी उन्हात, काचा वर, आणि बाबूसिंग आत बसून फडक्यानं चाक पुसून राहिला, देवळात बसल्यासारखा शांत. मी दार उघडलं आणि दोन पावलं मागं आलो. असा वास आला की डोळ्यांतून पाणी. मांजर सुद्धा नाक मुरडून गेलं असतं.

मी म्हणालो, "बाबूसिंग, काही वास?"

त्यानं मोठा श्वास घेतला. विचार केला. म्हणाला, "पेट्रोलचाच हाय. पण कालच्यापेक्षा कमी."

मी सीटखालून पिशवी ओढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं पिशवीत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. हसला नाही, रागावला नाही. फडकं घडी करून ठेवलं.

"कोरोनाच्या तापात वासच गेला," म्हणाला. "दोघंबी दवाखान्यात होतो. तिचा आठ दिसांत परत आला. माजा न्हाई आला. ना फोडणी, ना फूल, ना पेट्रोल. सखारामभाऊ, तिला सांगू नका. रोज विचारती, भाजी कशी झाली. मी म्हणतो झकास. तेवढं चालू राहू द्या."

म्हणजे हा बाबा वस्तीतल्या एकेका नाकाला धरून गाडीत घालत होता ते उगाच नाही. त्याच्याकडं स्वतःचं नव्हतंच.

 मी भलतंच विचारलं. "पण ही असली गाडी काहून आणली रे? एवढी जीप मिळून राहिली होती."

तो चाकाकडं बघत म्हणाला, "जीपमंदी मागं सीट असती."

"मग?"

"मग कुणी ना कुणी साहेब बसतो. जनमभर बसले. सरकारी गाडी, बायको बसवायची न्हाई. मी कवाच बसवली न्हाई, सगळ्या हाफिसाला म्हाईत. एकदा साहेब घेऊन शिरडाकडं चाललो होतो. उन्हाळ्याचे दिस. पुढं रस्त्याच्या मधून एक बाई चाललेली, डोक्यावर गठुडं, काखेत लेकरू. साहेब म्हणाले, हॉर्न मार. मारला. बाई बाजूला झाली, पदर पुढं ओढला. तीच होती. माहेरला निघालेली. साहेबाला काय म्हाईत? मी बी थांबलो न्हाई. आरशात बघितलं फक्त."

बाहेर कुणाची तरी बैलजोडी पाण्याला चालली होती. त्यानं फडकं उलगडून पुन्हा चाक पुसलं.

"म्हणून दोन सीटा. एक माजी, एक तिची. साहेब आला तरी त्याला बसायला जागा नको. त्याच रस्त्यानं तिला घेऊन जायचंय, बस."

मी सुकटीची पिशवी घेतली आणि म्हणालो, "आजपासून या गाडीचं नाक मी. दुसरं कुणी बसवायचं नाही." जनावरांचा डॉक्टर तर नाहीच नाही.

पण नाक पदवीधर असून वास सापडेना. मी इंजिनावर अडून. पुढून म्हटलं म्हणजे पुढून. चौथ्यांदा मुनाफकडं जायचं ठरलं. आम्ही निघणार, एवढ्यात धुरपताबाई शेणाचे हात घेऊन अंगणात उभी राहिली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "सखारामभाऊ, एक विचारू? मिस्त्रीकडं असती तवा वास न्हाई म्हणता. अंगणात आली की हाय. मधी काय होतं?"

"मधी काय, रस्ता."

"आणि रस्त्यात?"

मी म्हणालो, "पंप." आणि तोंड उघडं ते उघडंच.

इतके दिवस एवढी नाकं त्या गाडीत घातली. डॉक्टर, पाहुणे, पोस्टमन, मी. ज्या बाईला पहिल्यांदा वास आला, तिला एका माणसानं विचारलं नाही की बाई, कवा येतो? ती अंगणात बसून रोज बघत होती. पंपावरून आली की वास येतो, दोन दिवस उभी राहिली की कमी होतो, परत भरली की येतो.

या वेळी आम्ही वसमतला पोचल्यावर तिथल्याच पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली आणि तशीच मिस्त्रीपुढं नेऊन उभी केली. मुनाफ डबा घेऊन टाकी रिकामी करायला आला, तर बाबूसिंग आडवा झाला. "भरलेलीच बघ. दिवा नको, उन्हात बघ." मुनाफनं कुरकुरत डिकीतलं आतलं पत्र्याचं पान काढलं. पेट्रोल जिथून ओततात तिथून टाकीपर्यंत रबराची जाड नळी गेलेली. तिची खालची बाजू भेगाळलेल्या टाचेसारखी. आणि भेगांमधून पेट्रोल पाझरून राहिलं, घामासारखं, थेंब थेंब. टाकी जरा कमी असली की त्या नळीत पेट्रोल उभंच राहत नाही. वास येणार कुठून?

मुनाफनं कपाळावर हात मारला. "चाचा, इतना गले तक कौन भरता है?"

बाबूसिंग म्हणाला, "साहेब कवा हाक मार…" आणि तिथंच थांबला.

"कौनसा साब?"

 बाबूसिंग वाकून नळीच्या भेगा बघायला लागला.

वास मागून निघत होता हे खरं. पण छत कापडाचं, गाडी चालली की वारा त्याला फिरवून पुढं आणत होता. म्हणजे मी अगदीच चुकलो होतो असं कुणी म्हणू नये.

नवी नळी बसली. मी आत बसलो, काचा वर केल्या. बाहेरून बाबूसिंगचा चेहरा काचेला चिकटलेला. "घ्या. आणि खरं सांगा." मी घेतला. पुन्हा घेतला. खरं सांगितलं. त्यानं माझं ऐकलं, तरी मुनाफलाही बसवलं, त्याच्या दोन माणसांनाही बसवलं, आणि स्पार्कप्लग घ्यायला आलेल्या एका अनोळखी माणसालाही.

ही गोष्ट शिमग्याच्या तोंडावरची. माझा कुकर तेव्हा रस्त्याकडेला लागलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हळदीचा पहिला घाणा शिजायला लावून उभा होतो, तर तिकडून तांबडी गाडी आली. छत मागं गुंडाळलेलं. बाबूसिंग इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हात चाकावर, समोर नजर, जसा काही कलेक्टरला घेऊन निघाला. डाव्या बाजूला धुरपताबाई, तेच नवं लुगडं, मांडीवर भावासाठी डबा. पदर वाऱ्यानं उडत होता आणि ती तो धरत नव्हती.

मी हात केला. गाडी माझ्यापाशी हळू झाली, थांबली. मला वाटलं, माझ्याशी बोलायला थांबले. पण बाईनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती नवऱ्याच्या बाजूला वळली आणि म्हणाली, "घ्या."

त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"हळद हाय," ती म्हणाली. "शिजून राहिली. ओल्या मातीवर कुणी तूप सांडावं, तसा वास. मागं लिंबाला मोहर होता, तो गोड. आता पुढं शिरडाच्या वाटंला गुळाचं गुऱ्हाळ लागंल, तवा सांगते."

त्यानं मान हलवली. विचारलं नाही, तुला कधी कळलं. मला मात्र चुलीपाशची ती मेथीची दवंडी आठवली. कोरोनाच्या सालापासूनची.

मी खाली मान घालून उगाच कुकराखालचं लाकूड सारलं.

मग बाईला मी दिसलो. गाडी सुरू होता होता ती मोठ्यानं म्हणाली, "सखारामभाऊ, हळद जरा जास्त शिजली हं!"

बाबूसिंग हसला. रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी त्यानं हॉर्न वाजवला. एकदा, दोनदा, आणि वळणावरच्या पिंपळापाशी आणखी एकदा.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी झाकण उघडून बघितलं. जास्त शिजली नव्हती. बराबर होती.